काजूत वानर मरून पडलाय. पुरू, जाळू की कुणाला सांगू?

बांद्याकडचा | गुरुवार, रात्री ८:५०

नमस्कार मंडळी. तीन वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

आमची काजूची बाग बांदा-दोडामार्ग पट्ट्यात, घरापासून वीस मिनिटं चढून गेल्यावर, थेट जंगलाला लागून. आज सकाळी बी वेचायला गेलो तर खालच्या गडग्याजवळ, म्हणजे दगडी कुंपणाजवळ, वानर मरून पडलेला. काळतोंड्या, मोठा नर. अंगावर रक्त नाही, दातांच्या खुणा नाहीत. डोळे अर्धे उघडे, ओठांवर मुंग्या. पापणीच्या कडेला आणि कानामागे तिळाएवढे काळे ठिपके चिकटलेले. लांबूनच मोबाइलवर फोटो मोठा करून बघितला, जवळ गेलो नाही.

बरोबरच्या दोघी बायका तिथूनच परत फिरल्या. त्यातल्या एकीची जाऊ २०१७ साली माकडतापाने (गोचीड चावून येतो तो) बारा दिवस दवाखान्यात होती, त्यामुळे तिला दोष देत नाही.

घरात तीन मतं. भाऊ म्हणतो, गुपचूप खड्डा काढ आणि पूर. सांगितलंस तर पावडर मारायला येतील, गावभर बोभाटा होईल, गडीमाणूस मिळणार नाही आणि ऐन हंगामात बी झाडाखाली कुजेल. आई म्हणते, मारुतीचं रूप ते, नारळ ठेवून अग्नी दे. बायको म्हणते, आधी अंगावरचे कपडे पडवीतच काढा आणि आंघोळ करा, मग काय ती चर्चा.

बायकोचं ऐकलंय. बाकीचं तुम्ही सांगा.

---

मुंबैचा_मालवणी | गुरुवार, रात्री ९:०५

आवशीचा बराबर आसा, पण नारळ लांबसूनच ठेव हां. आणि मारुतीक सांग, माकडाक कपाळाक हात लावून नमस्कार करूचो नाय आता.

थट्टा सोड. डॉक्टर येतीलच, ते म्हणतील तसं कर.

---

गुरांचा_डॉक्टर | गुरुवार, रात्री ९:४०

आलो. पशुवैद्यकीय सेवेतून निवृत्त झालोय, पण सवय गेलेली नाही.

पहिलं, हात लावू नका. दुसरं, आज पुरूही नका आणि जाळूही नका. तिसरं, आत्ताच वनखात्याच्या १९२६ वर फोन करा आणि सकाळी उजाडताच तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन सांगा. गावच्या पोलीस पाटलालाही कळवा. फोनपेक्षा त्याच्या सांगण्यावर माणूस लवकर हलतो.

पुरू नका असं का म्हणतो ते नीट सांगतो, म्हणजे भावाला समजावता येईल.

तुम्ही पाहिलेले काळे ठिपके बहुतेक गोचिडीची पिल्लं. वानर जिवंत असतो तोवर ती त्याचं रक्त पितात. तो मेला, अंग गार पडलं, की खाली उतरतात आणि आजूबाजूच्या पाचोळ्यात नवं गरम अंग शोधत बसतात. वानराला माकडतापाचा विषाणू झालेला असेल तर अशा शेकडो गोचिडी एकाच जागी सांडतात. म्हणजे खरा धोका मढ्यात कमी आणि मढ्याभोवतीच्या जमिनीत जास्त. तुमचा भाऊ कुदळ घेऊन जिथे अर्धा तास उभा राहणार, नेमकी तीच जागा. म्हणून मेलेल्या माकडाभोवती साधारण ५० मीटरच्या गोलात मेलाथिऑनची पावडर मारतात. तीच ती गावात बदनाम झालेली पावडर.

आता जरा इतिहास. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली, आणि पाठोपाठ माणसं तापाने. माकडं मरतायत म्हटल्यावर आधी शंका आली की आफ्रिकेतला पिवळा ताप भारतात शिरला. तपासणीत निघाला नवाच विषाणू, रशियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराच्या कुळातला. जंगलाचं नाव त्याला चिकटलं. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज ते हेच. पुढची काही दशकं तो कर्नाटकातच राहिला, मग केरळ, तमिळनाडू, गोव्यात सत्तरी, आणि २०१६ च्या सुरुवातीला आपल्या दोडामार्गात केर गावाकडे. पुढच्या वर्षी बांदा परिसर. तुमच्याबरोबरच्या त्या बाईची जाऊ त्याच साथीतली.

वानर आणि लाल तोंडाचं माकड, दोघंही या विषाणूपुढे टिकत नाहीत. उंदीर, चिचुंद्री, साळिंदर यांच्यात तो फिरतो पण ती मरताना दिसत नाहीत. म्हणून माकडाचं मरण ही आपल्याला दिसणारी पहिली खूण. ती पुरलीत तर पुढची खूण माणूस असतो.

---

संकासूर | गुरुवार, रात्री १०:१५

डॉक्टर, आदर ठेवून विचारतो. मेलेला प्रत्येक वानर माकडतापानेच मेला असं का धरायचं? आमच्या वाडीत गेल्या वर्षी तीन मेले. एक विजेच्या तारेवर, एक कुत्र्यांनी धरला, आणि तिसऱ्याला कुणीतरी केळ्यातून काय घातलं ते त्या केळीवाल्यालाच माहीत. वानरांनी नारळ-पोफळी-काजू सगळं नासवलंय, लोक वैतागलेत. लगेच माकडताप म्हटलं की पंचक्रोशी हादरते.

दुसरं, जंगल तोडून आपण काजू लावला, दोडामार्गात वर रबर लावलं. वानर येणार कुठून आणि जाणार कुठे? ते आपल्या बागेत मरतात, कारण त्यांची जागा आपली बाग झाली.

---

गुरांचा_डॉक्टर | गुरुवार, रात्री १०:३०

संकासूर, तुमचं पहिलं म्हणणं शंभर टक्के बरोबर, आणि त्यासाठीच तर सांगायचं. तारेवर मेलेल्याचा तळहात किंवा तळपाय भाजलेला सापडतो, विषाने मेलेल्याच्या पोटात काहीतरी मिळतं, कुत्र्याने मारलेल्याच्या कातडीखाली दातांची भोकं असतात. हे उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. बघणाऱ्याने पूर्ण अंगभर किट घालून बघायचं असतं. नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत जातात. फक्त मढं ताजं हवं, चोवीस तासांच्या आतलं. आपल्याकडच्या उन्हात दुसऱ्या दिवशी आतलं सगळं पाणी होतं.

दुसरं म्हणणंही बरोबर. त्यात एक भर. आपण गुरं जंगलात चरायला सोडतो. गुरांना माकडताप होत नाही, पण मोठ्या झालेल्या गोचिडी गुरांवर पोसतात आणि अंडी घालायला जंगलात उतरतात. बागेच्या वरच्या अंगाला चराऊ रान असेल तर गोचिडीची शेती आपणच करतोय असं समजा.

---

एएनएमबाई | गुरुवार, रात्री ११:१०

ड्युटी संपवून आत्ता बघतेय. बांद्याकडचे दादा, मी तुमच्याच जिल्ह्यात उपकेंद्रावर नर्स आहे, कुठलं ते सांगत नाही.

डॉक्टरांनी माकडाचं सांगितलं, मी माणसाचं सांगते. पुढचे आठ दिवस तुम्ही आणि त्या दोघींनी अंगावर लक्ष ठेवायचं. चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत ताप येतो, आणि तो हळूहळू येत नाही. सकाळी बाई भात लावून गेली, दुपारी हुडहुडी भरून आडवी, असा. कपाळ फुटल्यासारखं दुखतं, कंबर-पोटऱ्या दुखतात, डोळे लाल. काहींना उलट्या-जुलाब, काहींना हिरड्यांतून नाहीतर नाकातून रक्त. बहुतेक जण बरे होतात, पण दहा-वीस टक्क्यांना मध्ये आठ-पंधरा दिवस बरं वाटून पुन्हा ताप उलटतो, आणि त्या वेळी मान आखडते, हात थरथरतात, माणूस बरळतो. शंभरातले तीन ते पाच दगावतात. यावर खास औषध नाही. सलाईन, रक्तस्रावावर लक्ष, वेळेवर दाखल होणं, एवढंच. म्हणून तापाच्या पहिल्या दिवशीच या आणि आल्या आल्या सांगा, “मी काजूत जातो, तिथे वानर मेलेला बघितला.” हे एक वाक्य आमच्यासाठी अर्धा रिपोर्ट असतो. नाहीतर आम्ही डेंग्यू, लेप्टो, मलेरिया करत बसतो.

माझं एक ठोकताळ्याचं कॅलेंडर आहे. भाताच्या चिखलात लेप्टो, म्हणजे उंदराच्या मुतातून येणारा. काजूच्या पाचोळ्यात माकडताप. डिसेंबर ते मे हा त्याचा हंगाम, कारण गोचिडीची चावरी पिल्लं तेव्हा पाचोळ्यात असतात. पाऊस पडला की थांबतो.

आणि बायकांनो, खरी गोची पातेऱ्यात आहे. भाजावळीसाठी, म्हणजे शेताची जमीन भाजायला, पातेरो (वाळका पाला) गोळा करायला आपण जानेवारी-फेब्रुवारीत रानात जातो, बसून दोन्ही हातांनी कवेत भरतो, डोक्यावर भारा घेतो. गोचिडीला याहून चांगली सोय कुठली? पुरुष बुटात फिरतो, बाई पातेऱ्यात बसते.

लस आधी होती, पण ती तितकीशी काम करत नव्हती म्हणून आता वापरात नाही. गोचीड लांब ठेवणारं डेपा तेल मिळतं, ते हातापायाला लावून जा. घरी आल्यावर गरम पाण्याने अंग घासून आंघोळ, कपडे उकळत्या पाण्यात. काखेत, बेंबीत, कमरेच्या गाठीखाली बघा, लहान पोराच्या केसांत बघा. तिळासारखं दिसलं आणि तिळाला पाय असले तर चिमट्याने सरळ ओढून काढा, चिरडू नका.

---

मुंबैचा_मालवणी | गुरुवार, रात्री ११:२०

“तिळाला पाय असले तर.” बाई, ह्या वाक्यानंतर माका आता गावचे तिळाचे लाडू खाववत नाय.

---

दापोलीकरीण | शुक्रवार, सकाळी ७:३०

धागा माकडाचा आहे, पण पक्ष्यांचं घुसवते, कारण प्रश्न तोच आहे.

जानेवारी २०२१ मध्ये दापोलीत कावळे मेले होते. मी रोज सकाळी पक्षी बघायला फिरते. नारळाच्या बुंध्याशी एक कावळा बसलेला दिसला. बसलेला म्हणजे काय, शेपटी जमिनीला टेकवून, पंख सैल, डोळे मिटत होता आणि मान एका बाजूला वळवून पुन्हा सरळ करत होता, जणू कुणीतरी मागून हाक मारतंय. दगड मारला तरी कावळा उडत नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. दुसऱ्या दिवशी तिथेच उताणा. परभणीच्या कोंबड्यांबरोबर मुंबई, ठाणे, बीड आणि आमच्या दापोलीच्या कावळ्यांचे नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेतून बर्ड फ्लू म्हणून आले.

मला लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची. तो कावळा मी कळवला नव्हता. “एक कावळा तर आहे” म्हणून. माझ्यासारख्या पाच जणींनी पाच ठिकाणी एकेक बघितला होता, हे नंतर चहा पिताना कळलं.

आता गैरसमज. मान वाकडी झाली म्हणजे बर्ड फ्लूच असं नाही. गावठी कोंबड्यांना मानमोडी होते, तीही मान मुरगळते, हिरवी हगवण लागते. तो राणीखेत, वेगळा विषाणू, माणसाला फार तर डोळे येतात. कबुतरांनाही होतो. बघून कुणीच ठरवू शकत नाही. डॉक्टर, बरोबर ना?

आणि दर हिवाळ्यात हर्णे-आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर कुरव उतरले की कुणीतरी म्हणतंच, “हे परदेशी पक्षी रोग आणतात, हाकला त्यांना.” हाकलून ते दुसऱ्या किनाऱ्यावर बसतील, एवढंच. त्यांना बसू द्या, आपल्या कोंबड्या मोकळ्या सोडू नका आणि मेलेला उचलू नका, हे जास्त सोपं आहे.

---

गुरांचा_डॉक्टर | शुक्रवार, सकाळी ८:१०

ताई, अगदी बरोबर. मानमोडी, बर्ड फ्लू, विषबाधा, तिन्हीत मान वळू शकते. मेलेल्या पक्ष्यासाठी पशुसंवर्धनाचा १९६२. उघड्या हाताने उचलायचा नाही. ते बर्फात घालून पुण्याच्या औंधला पाठवतात, तिथून संशय आला तर भोपाळ.

महाराष्ट्रात बर्ड फ्लू पहिल्यांदा आला तो २००६ मध्ये, नवापूरला. लोकांनी तेव्हा महिनोन्महिने चिकन सोडलं होतं. ७० अंशांवर शिजलेल्या कोंबडीत विषाणू उरत नाही, आणि आपल्या वड्यांबरोबरचं सागोती त्याच्या कितीतरी पुढे रटरटतं. धोका खाणाऱ्याला नसतो, सोलणाऱ्याला असतो.

---

सह्यकडा | शुक्रवार, सकाळी ९:००

रायगडातून लिहितोय. “बघून कुणीच ठरवू शकत नाही” यावर गिधाडांची गोष्ट आठवली.

नव्वदच्या दशकात देशभर गिधाडं मरत होती. फांदीवर मान खाली टाकून दिवसेंदिवस बसायची आणि एक दिवस पडायची. सगळ्यांना वाटलं रोगाची साथ आहे. वर्षानुवर्षं विषाणू शोधत होते. मेलेलं गिधाड उघडलं की यकृत-मूत्रपिंडावर चुना फासल्यासारखा पांढरा थर. तो युरिक ॲसिडचा. २००४ मध्ये उलगडा झाला. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक, दुखण्यावरचं साधं इंजेक्शन. औषध दिलेलं गुरू मेलं, गिधाडाने ते खाल्लं, त्याची मूत्रपिंडं बंद पडली. जनावरांसाठी ते २००६ मध्ये बंद झालं, तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्व्याण्णव गेली होती. आमच्या म्हसळ्यात चिरगावला थोडी टिकली, लोकांनी जपली म्हणून.

साथ म्हणून जे शोधत होते ते डॉक्टरांच्या बॅगेत होतं. (गुरांचा_डॉक्टर, राग मानू नका.)

---

गुरांचा_डॉक्टर | शुक्रवार, सकाळी ९:२०

राग कसला. मी स्वतः शेकडो बाटल्या टोचल्यात. तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. आता मेलॉक्सिकॅम वापरा, ते गिधाडाला चालतं.

---

वेंगुर्ल्याचा_वारा | शुक्रवार, दुपारी १२:४५

डॉक्टर, जाता जाता एक. आमच्याकडे कोलो भर दुपारी खळ्यात आला, कुत्र्यावर धावून गेला, काठीला चावत राहिला. पोरं व्हिडिओ काढत होती.

---

गुरांचा_डॉक्टर | शुक्रवार, दुपारी १:०५

पोरांना आधी घरात घ्या! दिवसा निर्धास्त आलेला, काठी चावणारा कोल्हा पिसाळलेलाच समजायचा. कुणाला दात किंवा लाळ लागली असेल तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात साबणाने धुवा आणि आजच इंजेक्शन सुरू करा, हळद-चुना नको. त्या कुत्र्याचंही लसीकरण झालंय का बघा, नसेल तर बांधून डॉक्टरांना दाखवा. उलटाही प्रवास असतो, कुत्र्याकडून रानातल्या जनावराकडे. २०१८ मध्ये गीरमध्ये २३ सिंह गेले, त्यांत कुत्र्यांच्या डिस्टेंपरचा विषाणू निघाला. आपल्या वाड्यांतली कुत्री रोज बिबट्याच्या तोंडी जातात, तेव्हा त्यांची लस ही फक्त कुत्र्याची गोष्ट नाही.

---

बांद्याकडचा | शुक्रवार, संध्याकाळी ७:३०

अपडेट. काल रात्री फोन लावला, उचलला, पत्ता घेतला. सकाळी दहापर्यंत कुणी आलं नाही. मग पोलीस पाटलाला बरोबर घेऊन दुसऱ्या एका कार्यालयात गेलो. तिथे “हे आमच्याकडे नाही, त्यांच्याकडे” झालं. नाव घेत नाही, कारण शेवटी दुपारी बारा वाजता तिन्ही खात्यांची माणसं एकाच जीपमधून आली.

पांढरे किट घातलेली दोन माणसं आमच्या काजूत चालताना बघून आई म्हणाली, चंद्रावरचे इले.

त्यांनी वानर उलटा केला. उजव्या तळहाताची कातडी करपलेली, मधोमध खड्डा. डोक्यावरून थ्री फेजची लाईन जाते, तिला फणसाची फांदी टेकलीये. संकासूर, तुम्ही जिंकलात, तारच. तरी नमुने घेतलेच, कारण ते ठिपके गोचिडीच होत्या. मढं तिथेच लाकडं रचून जाळलं, पावडर मारली. वायरमनलाही सांगितलं.

---

संकासूर | शुक्रवार, संध्याकाळी ७:४५

जिंकण्यासारखं काय आहे त्यात. फांदी तोडून घ्या आधी.

---

एएनएमबाई | शुक्रवार, रात्री ८:१५

छान केलंत दादा. पण तारेने मेला तरी गोचिडी त्याच्या अंगावर होत्या आणि खाली उतरल्या असतील. आठ दिवसांचं लक्षात ठेवा. त्या दोघींना माझा निरोप द्या.

---

बांद्याकडचा | रविवार, दुपारी ४:१०

अजून एक अपडेट, आणि हे लिहायला जीवावर आलंय.

काल पावडरवाले वरच्या अंगाला गेले तर गडग्यापलीकडे, शेजाऱ्याच्या हद्दीत, अजून एक वानर. मादी. तारेपासून बरीच लांब, वर कुठलीच लाईन नाही. चार-पाच दिवसांची असावी. पोट फुटलेलं, अळ्या पडलेल्या. ते साहेब वाकून बघून उठले आणि म्हणाले, यातून काही निघणार नाही, नमुना घेण्यासारखं उरलं नाही. ती कशाने मेली ते आता कळणारच नाही. तिथेही जाळलं, तिथेही पावडर. पहिल्याचा रिपोर्ट यायचाय.

बागेत आता मी आणि भाऊ दोघंच बी वेचतोय. पायमोजे पँटीवरून ओढून, वर डेपा. अर्धी बी पडून आहे. भाऊ काही बोलत नाही.

संध्याकाळी शेजाऱ्याकडे गेलो. भला माणूस आहे, भांडायला नव्हतो गेलो. विचारलं, काका, तुम्हाला दिसली नव्हती का ती? ओटीवर काजू फोडत बसले होते, हाताला डिकाचे काळे डाग. मान वर न करता म्हणाले,

“सोमवारीच बघितलंय. माका वाटला, तुमका ठावक आसतला.”